हिरवा श्टार पिकत नाही

मंगळवार, ४ मार्च

आज चष्म्याचे दुकान उघडल्यावर मालकीण दामानबाईंनी मागच्या खोलीतली खुर्ची आणून खिडकीपाशी ठेवली आणि म्हणाल्या, "यानेस, ही तुझी." मला वाटले, मोडली असेल, दुरुस्त करायची असेल. मी ती उलटी करून पाय तपासू लागलो.

"अरे, बसायला दिलीय. लोक श्टाडे शहरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडून कागद घेऊन येतात आणि इथं चष्मा बघता बघता मला विचारतात, यात काय लिहिलंय हो? मी एका हातानं फ्रेम वाकवते आणि तोंडानं काहीतरी उत्तर देते. आजपासून ते तू द्यायचंस. शेजारी बसायचं, सावकाश समजावायचं."

मी म्हणालो, "मी नववीत शाळा सोडलेला माणूस आहे."

"म्हणून तर. तुला स्वतःला कळेपर्यंत तू पुढे सरकत नाहीस. डॉक्टरांना सगळं कळलेलं असतं, त्यामुळे ते कुठं थांबतच नाहीत."

नियम त्यांनी सांगितले. रोग आपण ठरवायचा नाही. औषध आपण सुचवायचे नाही. डॉक्टरांनी जे सांगितले तेवढेच, पण लोकांच्या भाषेत. त्यात एक नियम मी माझ्या मनाने घातला: कोणाला घाबरवायचे नाही. घाबरलेल्या माणसाला काही ऐकू येत नाही, हे मला शाळेपासून माहीत आहे.

घरी येऊन डोळ्याच्या सगळ्या भागांची नावे कोशात पाहून शुद्ध लिहून काढली.

शुक्रवार, ७ मार्च

पहिला प्रयोग फसला. एका आजींना डोळ्याच्या पडद्याविषयी सांगताना म्हणालो, "कॅमेऱ्यातल्या फिल्मसारखं समजा."

"आमच्याकडे कॅमेरा कधीच नव्हता," त्या म्हणाल्या. "दिराकडे होता. पण त्याच्याशी आम्ही बोलत नाही."

मग पाऊण तास दिराविषयीच बोलणे झाले.

गुरुवार, १३ मार्च

आज चांगले झाले, म्हणून सविस्तर लिहितो.

फाइन्ट नवराबायको आले होते. एल्बे नदीच्या बांधाखाली चेरीच्या बागा आहेत त्यांतली शेवटची त्यांची. जानेवारीत दामानबाईंनी यंत्राने हिन्रिश फाइन्टांच्या डोळ्यांवर हवेची फुंकर मारून आतला दाब मोजला होता. तो जास्त निघाला, म्हणून त्यांना श्टाडेला पाठवले. आता तिथला कागद आणि थेंबांची बाटली घेऊन ते माझ्या खुर्चीशेजारी बसले. बाटली त्यांच्या बायकोच्या, गेशेबाईंच्या पिशवीत होती, कोबीखाली.

"मॉइन, पोरा," फाइन्टांनी आमच्या रीतीने नमस्कार केला. "तो डॉक्टर बोलतो की पळतो? मी टोपी काढेपर्यंत त्याचं बोलणं संपलं."

"तो बोलत होता तेव्हा हा भिंतीवरचं गलबत बघत होता," गेशेबाई म्हणाल्या.

"गलबताची शिडं उलटी काढली होती, गेशे. कुणीतरी बघायला नको?"

मी कागद वाचला. हिरवा श्टार. मला या नावांचा राग येतो. मोतीबिंदू झाला की आमच्याकडे म्हणतात करडा श्टार झाला, आणि काचबिंदू झाला की म्हणतात हिरवा श्टार. पहिला काढता येतो, दुसरा येत नाही. दोन वेगळे रोग, पण नाव एकच. त्यात भर म्हणजे चेरी खाऊन जाणारा तो काळा ठिपकेदार पक्षी, तोही श्टारच.

मी कागदावरचे नाव वाचून दाखवले. फाइन्ट मोठ्याने हसले. "आयुष्यभर श्टारांना बागेतून हाकललं. आता एक डोळ्यातच येऊन बसला!"

पण हसताना त्यांनी टोपी दोन्ही हातांनी इतकी घट्ट धरली होती की तिचा काठ मोडला. घाबरले होते. मी घाईने म्हणालो, "घाबरण्यासारखं काही नाही. करडा नाही, हिरवा आहे. आणि अगदी सुरुवातीचा."

"हिरवा," त्यांनी तो शब्द चघळून पाहिला. त्यांचे खांदे खाली आले. "म्हणजे अजून वेळ आहे."

"पुष्कळ वेळ आहे."

"माझा करडा होता," गेशेबाई म्हणाल्या. "दोन वर्षांपूर्वी काढला. सकाळी गेले, दुपारी घरी बटाटे सोलत बसले. तेव्हा कळलं, आजवर मी निम्मी सालं तशीच ठेवत होते."

"आणि मी निमूट खात होतो," फाइन्ट म्हणाले.

थेंब रोज संध्याकाळी दोन्ही डोळ्यांत एकेक, न चुकता, हेही मी सांगितले. "घेऊ की, वेळ आली की," ते म्हणाले, आणि जाताना माझ्या पाठीवर थाप मारली. "छान समजावलंस."

घरी येईपर्यंत ती थाप पाठीवर जाणवत होती.

सोमवार, १७ मार्च

दामानबाईंनी विचारले, फाइन्टांचे कसे झाले. मी म्हणालो, छान झाले, त्यांना सगळे समजले.

"कशावरून?"

"हसत गेले."

त्या हातातली काच पुसत राहिल्या. काच आधीच स्वच्छ होती. बहुधा दुसऱ्या कशाचा विचार करत असाव्यात.

गुरुवार, २४ एप्रिल

मध्यंतरी लिहिण्यासारखे काही नव्हते. खुर्चीची सवय झाली आहे. कॅमेरा सोडून दिला.

आज फाइन्ट चष्म्याचा स्क्रू घट्ट करायला आले. दारातून आत येताना डाव्या हाताची चष्म्यांची मांडणी त्यांनी पाडली. चूक माझी, मी ती फार पुढे ठेवली होती. आता वीतभर मागे सरकवली आहे.

स्क्रू बसवत असताना ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "पिकायला अजून किती लागेल, तुझा काय अंदाज?"

बाहेर सगळ्या बागा फुलून पांढऱ्या झाल्या आहेत. मी म्हणालो, "जुलै तर उजाडेलच."

"मग जुलैपर्यंत हात लावत नाही. कच्चं काढलं तर वाया जातं."

"अगदी बरोबर."

"पिकलं की पहिला तुझ्याकडे येतो."

एवढी वर्षे चेरी पिकवणारा माणूस मला विचारतो, याचा मला संकोच वाटला. मोठी माणसे अशीच लहानांचा मान ठेवतात. आईला सांगितले की यंदा फाइन्टांकडून पहिली करंडी आपल्याला येणार. आई म्हणाली, "त्यांच्यासाठी तू असं केलंस तरी काय?" मी म्हणालो, समजावले.

मंगळवार, २७ मे



दुपारी गेशेबाई एकट्या आल्या, चष्म्याची दोरी घ्यायला. दोरी निवडताना गमतीने सांगत होत्या की हिन्रिशने ट्रॅक्टर फाटकाच्या डाव्या खांबावर घातला. लग्नाआधीपासून तिथेच असलेल्या खांबावर.

"आणि परवा मी याच्या डाव्या हाताला कॉफी घेऊन उभी, आणि हा हाका मारतोय, गेशे, गेशे, कुठं आहेस? म्हटलं, बाबा रे, तुला मी आवडत नसेन तर तसं सांग."

मी हसलो नाही. विचारले, "थेंब रोज घालता ना?"

"कसले थेंब? ती बाटली फ्रिजच्या दारात मोहरीशेजारी उभी आहे, सील तसंच आहे. तो म्हणतो, काढायची वेळ आली की लागतील. तुम्हीच नाही का सांगितलंत, अजून हिरवा आहे म्हणून? तो रोज सकाळी आरशात बघतो, करडा व्हायला लागला का. म्हणतो, यानेस म्हणाला जुलैत पिकेल."



हिरवा. आमच्या गावात झाडावरच्या कच्च्या चेरीला कोणी कच्ची म्हणत नाही, हिरवी म्हणतात. हिरवी म्हणजे अजून न पिकलेली, हात न लावण्याची. हे मला लहानपणापासून माहीत आहे. मी त्या माणसाला म्हणालो, हिरवा आहे, सुरुवातीचा आहे, पुष्कळ वेळ आहे. आणि एप्रिलमध्ये तो मला स्पष्ट विचारत होता. मी त्याला महिना सांगितला.

मोतीबिंदू थांबून काढला तरी चालतो. याचे तसे नाही. जेवढी नजर जाते तेवढी जाते. दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेने जाते. ही वाक्ये मला पाठ होती. त्या दिवशी मी ती सांगितली नाहीत, कारण ते घाबरले होते.

गेशेबाईंना मी एवढेच म्हणालो की आजपासून थेंब घालायला हवेत. त्या म्हणाल्या, "माझं ऐकेल तर तो हिन्रिश कसला. पिकायच्या आधी तोडायचं नाही, म्हणेल."

दामानबाईंना सांगितले. काढून टाकतील असे वाटले होते. त्यांनी आधी श्टाडेला फोन केला. पलीकडून सप्टेंबर म्हणाले असावेत, कारण बाई म्हणाल्या, "सप्टेंबर असू दे. मी पुढचा आठवडा विचारतेय," आणि तारीख मिळेपर्यंत फोन ठेवला नाही. मग माझ्याकडे वळल्या.

"चूक तुझी. आणि माझी, मी त्या दिवशी आणखी विचारायला हवं होतं. डॉक्टरांची. आणि ज्या शहाण्यानं रोगाला रंग दिला त्याची. आता वाटणी करत बसू नकोस. उद्या त्यांच्या बागेत जा."

"मी? तुम्ही चला."

"त्याचा विश्वास तुझ्यावर बसलाय, म्हणून तर तो थांबलाय. आणि दुकानातला पांढरा कोट घालू नकोस."

बुधवार, २८ मे

सायकलवरून जाताना काय बोलायचे ते जुळवत होतो. बागेत पोचल्यावर सगळे विसरलो.

फाइन्ट झाडांवर जाळी बांधत होते. मी उजवीकडून गेलो, त्यांना दिसेन असा.

"मॉइन! एवढ्यात आलास? अजून हिरव्याच आहेत," त्यांनी फांदी वाकवून दाखवली.

मी म्हणालो, "फाइन्टसाहेब, मी तुम्हाला चुकीचं समजावलं."

"छे. मला कळलं तर. मी गेशेलाही समजावलं."

"हिरवा म्हणजे कच्चा नव्हे. ते नुसतं नाव आहे. हिरवा श्टार पिकत नाही. त्याचा करडा होत नाही. तो काढताही येत नाही."

त्यांनी फांदी सोडली. "मग हिरवा का म्हणतात?"

"मला माहीत नाही. कोशात पाहिलं, तिथंही धड सांगितलेलं नाही."

"मूर्खपणा आहे."

"हो."

ते पुन्हा गाठ मारू लागले. ऐकत होते की नाही, कळेना. मला वाटले, आता हे हसतील, पाठीवर थाप मारतील आणि मी घरी जाईन. बांधाच्या बाजूला सखल भागात एक अख्खी ओळ वठलेली उभी होती. काहीतरी बोलायचे म्हणून विचारले, "ती झाडं कशानं गेली?"

"चराची मोरी तुंबली. गाळ बसला आत. पाणी उतरेना, मुळांत साचून राहिलं. मुळं गुदमरतात रे पाण्यात. आणि वर बघावं तर पानं हिरवीगार, फळ भरपूर, त्यामुळे मला कळलंच नाही. ज्या वर्षी कळलं तेव्हा..."

ते मध्येच थांबले आणि माझ्याकडे बघू लागले.

मी म्हणालो, "डोळ्यातही पाणी असतं. रोज नवं येतं, जुनं एका मोरीतून उतरतं. तुमची मोरी नीट वाहत नाही. मागं डोळ्याचं मूळ आहे, ते दबतंय."

"आणि ते थेंब?"

"थेंबांनी पाणी उतरतं. रोज घातले तर रोज."

"आणि गेलेली झाडं?"

माझा नियम मला आठवला. तरी म्हणालो, "ती परत येत नाहीत. उरलेली वाचतात."

ते एका पालथ्या खोक्यावर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. श्टारांचा एक थवा आला, जाळीवर बसून ओरडू लागला. त्यांनी हाकलला नाही.

"तो फाटकाचा खांब," ते म्हणाले. "मला खरंच वाटलं, कुणीतरी हलवला."

मी गवतात त्यांच्याजवळ बसलो. "आता मी काय सांगितलं ते तुम्ही मला सांगा."

"परीक्षा घेतोस?"

"मार्चमध्ये घ्यायला हवी होती."

त्यांनी सांगितले. मोरी, पाणी, मूळ, थेंब. एके ठिकाणी म्हणाले, "आणि थोडं बरं वाटलं की थांबवायचे." मी म्हणालो, "नाही. बरं वाटणारच नाही. काहीच वाटणार नाही. तरी घालायचे, जन्मभर." त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितले, या वेळी बरोबर.

मग म्हणाले, "गेशेला तू सांगू नकोस. मी सांगेन."

मी सायकल घेतली तेव्हा त्यांनी हाक मारली.

"तिचा करडा काढला ना, त्या दिवशी तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, 'अरे देवा, हिन्रिश, तू एवढा म्हातारा कधी झालास?' मला वाटत होतं, माझाही पिकेल, काढतील, आणि मग मीही तिच्याकडे एकदा नीट बघेन आणि उत्तर देईन. ठरवून ठेवलं होतं काय म्हणायचं ते."

"काय म्हणणार होतात?"

"ते तुला कशाला सांगू? तू काय गेशे आहेस?"

गुरुवार, ५ जून

डॉक्टरांनी फाइन्टांची नजर पुन्हा मोजली. डाव्या डोळ्याचा बराच भाग गेला आहे. उजवा बहुतेक शाबूत आहे. थेंब रोज घातले तर आहे तेवढे टिकण्याची चांगली आशा आहे, असे म्हणाले. या वेळी म्हणे गेशेबाईंनी गलबताच्या चित्रासमोर स्वतःची खुर्ची आडवी लावली होती.

मी दामानबाईंना विचारले, गेलेल्यातले किती आधीचे आणि किती माझ्या अडीच महिन्यांतले?

"डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही."

"पण साधारण?"

"यानेस, सांगता येत नाही म्हणजे सांगता येत नाही. मी तुला खोटं सांगून झोपवणार नाही."

झोप लागली नाही. पण त्यांनी खोटे सांगितले नाही हे बरे झाले, असे सकाळी वाटले.

शनिवार, २१ जून

मजेशीर गोष्ट. बांधापलीकडचा एक माळी आज थेट माझ्या खुर्चीपाशी आला. म्हणाला, "वाईट बातमी सांगणारा तो पोरगा तूच का? हिन्रिश म्हणतो, वाईट सांगतो, पण कळेल असं सांगतो." त्याला फक्त वाचायचा चष्मा हवा होता. थोडा हिरमुसला.

मी आता कागद हातात घेण्याआधी विचारतो, तुम्हाला काय वाटतं, काय झालंय? लोक जे सांगतात ते ऐकून कधी कधी अंगावर काटा येतो. एकजण म्हणाला, बहिणीनं तिच्या नवऱ्याच्या चष्म्यातून टीव्ही बघितला म्हणून तिचा पडदा फाटला. मी आधी सगळे ऐकून घेतो.

शनिवार, १२ जुलै

फाइन्टांकडे संध्याकाळी जेवायला बोलावले होते. दामानबाई म्हणाल्या, जा, आणि थेंब नीट घालतात का तेही बघ. जेवायला नवे बटाटे, हेरिंग आणि चेरीचे गार सूप होते. मी शर्टावर सांडेन अशी मला भीती वाटत होती, आणि सांडले.

ताटे बाजूला झाल्यावर गेशेबाईंनी घड्याळाकडे पाहून फक्त "हिन्रिश," असे म्हटले. ते उठले, बाकावर आडवे झाले आणि डोके बायकोच्या मांडीवर ठेवले. माझ्यासमोर. मला कुठे बघावे कळेना.

"स्वतःला घालता येत नाही याला," गेशेबाई बाटली हलवत म्हणाल्या. "कपाळाला पाजतो."

"डॉक्टरांचा हुकूम आहे," फाइन्ट छताकडे बघत म्हणाले. "रोज एकदा मांडीवर झोपायचं. चाळीस वर्षांत कुणी असं औषध दिलं नव्हतं."

"डोळा उघड."

"उघडाच आहे."

"याला उघडा म्हणतात? फाटकसुद्धा यापेक्षा उघडं असतं, म्हणून तर खांबाला धडकलास."

पहिला थेंब गालावर गेला. गेशेबाईंनी तो अंगठ्याने पुसला आणि दुसरा घातला, तो बरोबर पडला. मग दुसऱ्या डोळ्यात. नंतर मी शिकवल्याप्रमाणे दोन्ही डोळ्यांच्या नाकाकडच्या कोपऱ्यांवर बोटे ठेवून दाबून धरली, म्हणजे औषध नाकात उतरत नाही.

"मिनिटभर," मी म्हणालो. "मी घड्याळ बघतो."

बाहेर अजून लख्ख उजेड होता. फाइन्ट डोळे मिटून पडले होते. गेशेबाई खाली वाकून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होत्या, अगदी जवळून, मोतीबिंदू काढलेल्या त्यांच्या नव्या नजरेने. मग फाइन्ट डोळे न उघडताच काहीतरी पुटपुटले, माझ्यासाठी नव्हते ते, मला ऐकूही आले नाही. गेशेबाईंची बोटे तिथेच राहिली, पण मान दुसरीकडे वळली आणि खांदे हलू लागले. हसत होत्या की काय, मला दिसले नाही.

मिनिट केव्हाच संपले होते. मी घड्याळाकडेच बघत राहिलो.